गळाची काठी आणि गलफाचा चेंडू

शहागडला सुताराकडं लोक यायचे ते तिफण, वखर, गाडीचं जू, नाहीतर दाराची चौकट घेऊन. त्यामुळं तामीरातीचे इंजिनेर साहेब स्वतः माझ्या अंगणात आले आणि त्यांनी एक वाकलेली काठी माझ्यापुढं धरली, तेव्हा मला वाटलं, साहेबांना चालताना टेकायला लागत असेल. पण ती टेकायची काठी नव्हती. बुडाशी अंगठ्याएवढी जाड, शेंड्याला उदबत्तीएवढी बारीक, आणि अंगावर पितळेच्या इवल्या कड्या.

"मिस्त्री, ये मछली पकडने की काठी है," साहेब म्हणाले. "गाडी में दब को टेढी हो गई. सीधी करना, बस."

तामीरात म्हणजे निजामाच्या राज्यातलं सडका-पूल बांधणारं खातं. त्या खात्यानं या साहेबांना आमच्या गावी गोदावरीचं पाणी मोजायला पाठवलं होतं. कधी काळी पूल बांधायचा झाला तर पाणी किती चढतं, किती उतरतं, हे आधी माहीत पाहिजे, एवढंच काम. नदीत आकडे रंगवलेला एक खांब उभा केला होता. साहेब सकाळी जाऊन तो वाचायचे आणि वहीत लिहायचे. पावसाळा सोडला तर नदी रोज जवळपास तेवढीच भरायची. मग उरलेला अख्खा दिवस साहेब मोकळे. विलायतेत शिकून आलेले, चाळिशीचे, अंगानं वाळके. डोक्यावर लाल रुमी टोपी आणि खाली खाकी अर्धी चड्डी, असा पोशाख गावानं आधी पाहिला नव्हता. बेगमसाहेब मुलांच्या शाळेपायी हैदराबादला. नदीकाठच्या सरकारी बंगल्यात साहेब, एक खानसामा आणि विलायतेहून आणलेले दोन शौक, एवढाच त्यांचा संसार. पहिला शौक मासे धरायचा. दुसरा आम्हाला उन्हाळ्यात कळला.

काठी वेळूची, आणि वेळू सरळ करायची रीत मला ठाऊक होती. रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि सकाळी निखाऱ्यावर शेकत शेकत दाबायचा. मी काठी जनावरांच्या हौदात बुडवून ठेवली आणि निवांत झोपलो. सकाळी हौदात हात घातला तर काठी नव्हती. सहा कामट्या होत्या.

मी हौदात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होतो तेवढ्यात बायको आली.

"काय हुडकून राह्यले?"

"काठी."

"आन् हे हातात काय हाय?"

"हीच काठी," मी म्हणालो आणि हौदाच्या कडेवर बसलो.

एकेक कामटी तीन धारांची, लिंबाच्या फोडीसारखी तासलेली. अशा सहा फोडी सरसानं चिकटवून एक काठी केलेली होती, आणि सांधा इतका बेमालूम की सुतार असूनही मला ती अखंड वाटली होती. सरस पाण्यात विरघळतो हे मला काय कुणी शिकवायला पाहिजे होतं? ज्यानं ती काठी केली त्याला सलाम करावा की आपलं कपाळ बडवावं, समजेना. तामीरातीचा साधा शिपाई दिसला तरी लोक वळसा घालून जायचे असे ते दिवस, आणि मी तर साहेबाच्या काठीची सहा तुकड्यांत वासलात लावली होती.

माझी बायको धावडा गावची. तिच्या माहेरी नदी म्हणजे पावसाळ्यातला ओढा, आणि मासा तिनं लग्नाआधी पाहिला असेल तर तो देवळाच्या खांबावर कोरलेला. माशाच्या नुसत्या वासानं ती पदर नाकाला लावायची. पण माझं तोंड बघून तिनं त्या कामट्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या.

"सरस लावून पुन्ना जोडा."

"जोडीन. पण पाण्यात गेली की पुन्हा सुटणार. ही काठी जन्मभर नदीवर राहायची आहे."

तिनं कामट्या हौदाच्या कडेवर ठेवल्या. मग तिनं पाठीवरची वेणी पुढं घेतली आणि तिच्यावर गुंडाळलेला दोरा मला दाखवला. "सुटू नये म्हनून आमी आगवळ बांधतो. तसं बांधा की सगळ्या अंगावर. वरून लाख द्या. खुरप्याच्या मुठीत लाख भरताच ना? मंग हिनंच काय केलं?"

मी काठी जोडली. दागिने गाठणाऱ्या पटव्याकडून रेशमी दोरा आणला आणि चार-चार बोटांवर तो घट्ट गुंडाळत गेलो. वरून लाखेचा पातळ हात दिला. लाख बांगड्यावाल्याकडची, म्हणजे लालभडक. वाळल्यावर काठी बांगड्या भरल्यासारखी दिसायला लागली. त्या दिवशी मी तीनदा ती लपवली आणि तीनदा बाहेर काढली.

साहेब आले. काठीकडं पाहून त्यांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या. मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं, हौदासकट. साहेब ओंडक्यावर बसले. त्यांनी काठी वाकवली, सोडली. ती थरथरून सरळ झाली. पुन्हा वाकवली, आता जास्त. मी डोळे मिटून घेतले.

"ये लाख का किसने बोला?"

"घरातून, सरकार."

साहेबांनी दाराकडं पाहिलं. बायको दाराआड झाली. "विलायतवाले फक्त कड्यांजवळ दोरा गुंडाळतात," साहेब म्हणाले. त्यांचं मराठी असंच, मध्येच सुरू व्हायचं आणि मध्येच दख्खनीत शिरायचं. "पूरे बदन कू लपेटना, उनकू सूझाच नै!" मग त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि काठीचं चित्र काढायला बसले. ती वही मी पुढं वर्षभर पाहिली. विलायतेहून आलेली कुठलीही वस्तू साहेबांच्या मते अर्धवट होती. "ये सब वहाँ के पानी के वास्ते बना, मिस्त्री. गोदावरी कू कौन पूछा?"

मग साहेबांनी मला काठीबरोबर नदीवरच नेलं.

शहागडच्या डोहावर तेव्हा एका म्हाताऱ्या भोयाचं राज्य होतं. तो एक लांब दोरी, तिला गळ, गळाला कणकेची गोळी लावून पाण्यात सोडायचा. दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि खडकाला टेकून तंबाखू मळत बसायचा. आम्ही काठीच्या कड्यांतून दोरी ओवून, पितळेची चकरी घट्ट करून तयार होईपर्यंत त्यानं सापासारख्या लांब दोन वांब मासळ्या बाहेर काढून वाळूत टाकल्या होत्या.

"सरकार, काठीला काय कळतंय?" तो म्हणाला. "अंगठ्याला कळतं."

साहेबांची खरी अडचण काठीची नव्हती, चकरीची होती. काठीच्या बुडाशी पितळेची एक बंद डबी होती आणि दोरी तिच्यात गुंडाळली जायची. आमच्या गोदावरीची वाळू मैद्यासारखी. ती डबीत शिरायची, डबी कर्र करून थांबायची आणि मासा दोरी तोडून जायचा. भोई तेव्हा फक्त तंबाखू मळायचा थांबायचा. त्यानं साहेब जास्त चिडायचे.

मी ती डबी घरी आणून उघडली. विलायती पितळ, कानशीची खूण कुठं दिसणार नाही असं काम. पण बंद डब्यात गेलेली वाळू बाहेर येणार कुठून? मी पतंगाच्या चकरीसारखी शिसवाची उघडी चकरी खरादावर काढली. मध्ये नुसते आरे, म्हणजे वाळू शिरली तशी पडूनही जाणार. आसाला गाडीचं वंगण. अंगठ्यानं दाबून दोरी रोखता यावी म्हणून चामड्याची एक पट्टी. आणि मासा दोरी ओढायला लागला की कळावं म्हणून बैलाच्या शिंगाची एक पातळ चीप चकरीला कोरलेल्या दात्यांवर टेकवली. चकरी फिरली की टर्रर्र आवाज व्हायचा. आमच्या घरात दोन दिवस तेवढाच आवाज होता.

"रातकिडा कोंडलाय का त्यात?" बायकोनं विचारलं.

त्या चकरीवर साहेबांना पहिली मरळ लागली. हातभर लांब. विलायतेत शिकलेला माणूस वाळूत उड्या मारत होता आणि खानसामा त्याच्या मागं टोपी घेऊन पळत होता. साहेब ती मरळ तशीच घेऊन माझ्या घरी आले, दाखवायला. बायकोनं दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "सरकारला सांगा, पाया पडते, पन ते बाहीरच ठिवा." साहेबांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून ते आमच्या फाटकाशी उभे राहायचे आणि दोन्ही हात वर करून हाक द्यायचे, "बाई, आज साबण से हात धोया! अंदर आऊं?"

दुपारी जेवण झालं की साहेबांना काठीजवळ डुलकी लागायची आणि मासे गोळी खाऊन जायचे. म्हणून मी बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं एक घुंगरू काढून काठीच्या शेंड्याला बांधलं. मासा लागला की घुंगरू वाजणार, साहेब उठणार. भोई ते बघून इतका हसला की त्याची तंबाखू सांडली. चार दिवसांनी तो माझ्या अंगणात आला. इकडंतिकडं पाहिलं, कुणी नाही अशी खात्री करून घेतली.

"एखादं घुंगरू हाय का जादा?"

"अंगठ्याचं काय झालं, बाबा?"

"अंगठा बी म्हातारा झालाय," तो म्हणाला.

चैत्र लागला. नदी डोहापुरती उरली, मासे खोल गेले, आणि साहेबांनी दुसरा शौक बाहेर काढला. चामड्याची उंच पिशवी, तिच्यात डझनभर काठ्या. काहींना लाकडाचं डोकं, काहींना लोखंडाचं. खेळाचं नाव मी ऐकलं ते गलफ, आणि गावात तेच चाललं. साहेबांनी गावाच्या आणि नदीच्या मधल्या पाटलांच्या पडीक रानात घासलेटाचे रिकामे डबे जमिनीत पुरून घेतले आणि मला व भोयाला उभं करून खेळ समजावला. छोटा पांढरा चेंडू काठीनं मारायचा. मारत मारत डब्यात घालायचा.

"मंग?" भोयानं विचारलं.

"फिर अगला डब्बा."

"आन् सगळे डबे झाले की?"

"फिर घर."

भोयानं विचार केला. "म्हंजी हारलं कोन?"

"कोई नै. आपल्याआपल्याशी खेळायचं."

भोयानं फार वेळ विचार केला आणि मग अगदी काळजीनं म्हणाला, "सरकार, बेगमसायबास्नी बोलवून घ्या."

विलायतेत हा खेळ हिरवळीवर खेळतात म्हणे. आमच्याकडं काळी माती, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पहिल्याच सकाळी साहेबांचे निम्मे चेंडू भेगांत गेले. साहेब आणि मी पोटावर झोपून आकडीनं भेगा उकरत होतो. एकदा आकडीला चेंडूऐवजी विंचू आला, तेव्हा साहेब झोपल्याजागी उभे राहिले.

मी आधी लाकडी चेंडू केला. बाभळीचा, कारण बाभळीसारखं चिवट दुसरं काही माझ्याकडं नव्हतं. साहेबांनी कंबर फिरवून तो मारला. चेंडू दोन हात सरकला आणि काठीचं डोकं पुढं जाऊन पडलं. ती काठीही मी दोरा आणि लाख लावून सांधली. मग चेंडू ठेवायला उलट्या भोवऱ्यासारखी एक लाकडी खुंटी केली, कारण साहेब दर वेळी वाळूची चिमूट रचून तिच्यावर चेंडू बसवायचे आणि वाऱ्यानं वाळू उडायची. खुंटी साहेबांना फार आवडली. पण ठेवायला चेंडूच उरत नव्हते, तिथं खुंटी काय करणार?

एका संध्याकाळी आम्ही दोघं बंगल्याच्या पायरीवर बसलो होतो. समोर भिंतीला मासे धरायची काठी टेकवलेली होती, तिला माझी शिसवाची चकरी. साहेबांच्या हातात शेवटून तिसरा चेंडू. साहेबांनी काठीकडं पाहिलं, चेंडूकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मिस्त्री, मैं जो सोच रहा, तू बी वोइच सोच रहा क्या?"

"हौ सरकार," मी म्हणालो.

चेंडूला दोरी बांधायची. चेंडू मारायचा आणि कुठल्याही भेगेत गेला तरी चकरीनं ओढून घ्यायचा. इतकं सोपं होतं की विलायतेत कुणाला कसं सुचलं नाही याचं आम्हाला खरोखर नवल वाटलं.

दोरी बांधायची तर चेंडूला भोक पाहिजे. मी चेंडू शिकंज्यात पकडला आणि गिरमिट फिरवायला लागलो. साहेब वही घेऊन जवळ बसले. वरचं कवच फुटलं आणि आतून काहीतरी फुसफुसलं. मग चेंडू शिकंज्यातून उडाला. त्याच्या पोटात रबराचा बारीक दोरा ताणून ताणून गुंडाळलेला होता, मैलभर तरी असेल, आणि तो सगळा एकदम मोकळा व्हायला निघाला. चेंडू अंगणभर वळवळत, उड्या मारत, आतडी बाहेर टाकत फिरत होता. कोंबड्या छपरावर गेल्या. बायको घागर घेऊन येत होती.

"जित्तं हाय!" ती ओरडली आणि अख्खी घागर त्याच्यावर ओतली. निम्मी साहेबांवर गेली.

शेवटी चेंडू निवला. साहेब ओल्या वहीवर डोकं टेकून हसत होते. मला मात्र काळजी, कारण आता दोनच उरले होते.

मार्ग भोयानं काढला. भोक पाडायचंच कशाला? त्यानं रेशमी दोऱ्याचं इवलंसं जाळं विणून चेंडूवर असं घट्ट बसवलं की गाठ ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठी नाही. जाळ्याच्या तोंडाशी दोरी बांधली. काम झाल्यावर त्यानं चेंडू तळहातावर तोलून पाहिला आणि विचारलं, "आन् हे खातंय कोन?"

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत आम्ही रानात गेलो. मी मागं गळाची काठी धरून उभा, चकरी मोकळी सोडलेली. पुढं खुंटीवर चेंडू. भोई बांधावर. साहेबांनी दोनदा हवेत काठी फिरवली आणि तिसऱ्यांदा मारली. चकरी टर्रर्र करत गाऊ लागली. चेंडू वर, मागं रेशमी दोरी, तिच्यावर कोवळं ऊन. माझ्या हातून आजवर झालेल्या सगळ्या कामांत मला ते सर्वांत सुंदर वाटलं. चेंडू पडला, भेगेत गेला. मी चकरी फिरवली. तो भेगेतून बाहेर आला आणि ढेकळांवरून उंदरासारखा टुणटुणत आमच्या पायाशी येऊन थांबला. साहेबांनी मला मिठी मारली. तामीरातीच्या साहेबानं सुताराला भर रानात मिठी मारली हे भोयानं पुढं वडीगोद्रीच्या बाजारापर्यंत सांगितलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण साहेब म्हणाले, "एक और." आणि या खेपेला जोर जास्त लागला. चेंडू डावीकडं वळला. तिकडून पाटलांच्या म्हशी पाण्यावर निघाल्या होत्या. चेंडू पहिल्या म्हशीच्या डोक्यावरून गेला, दोरी शिंगांवर पडली, आणि चेंडूनं शिंगांना दोन वेढे घालून स्वतःला पक्कं बांधून घेतलं. म्हशीनं मान झटकली. डोळ्यापुढं पांढरं काहीतरी नाचताना पाहिलं आणि ती उधळली.

काठी माझ्या हातात. सोडून द्यावी हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी साहेबांची काठी मी सोडली नसती. मी ढेकळांतून, भेगांवरून, धोतर सावरत म्हशीमागं पळत होतो आणि साहेब माझ्या बाजूनं पळत होते.

"ढील दे! ढील!" ते ओरडत होते. "अब दबा! शेंडा ऊपर! शेंडा ऊपर रख, मिस्त्री!"

चामड्याच्या पट्टीवर माझा अंगठा भाजत होता. म्हैस थेट डोहात शिरली. मी गुडघ्यांवर फरफटत काठापर्यंत गेलो आणि पाय वाळूत रोवून थांबलो. काठी इतकी वाकली की शेंडा पाण्याला टेकला. आता एकेक बंद सुटणार म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. एकही सुटला नाही. म्हैस मानेइतक्या पाण्यात गेली आणि तिथं शांतपणे बसली.

"थकने दे," साहेब धापा टाकत म्हणाले. "मोठा मासा असाच थकवायचा असतो."

मागून भोई सावकाश चालत आला. "सरकार, म्हैस पान्यात थकत न्हाई. ती आता सांजंपत्तुर बसंल." त्यानं मुंडासं काढून ठेवलं, पोहत गेला, शिंगांचे वेढे सोडवले आणि चेंडू घेऊन परत आला. अंग पुसता पुसता म्हणाला, "सारा जलम या डोहावर गेला. एवढं मोठं जनावर गळाला लागलेलं पयल्यांदाच पाह्यलं."

पाटील धावत आले. सरकारी साहेबाला रागवावं की मुजरा करावा, त्यांना ठरवता येईना. पळताना साहेबांची टोपी कुठंतरी पडली होती; त्यांनी उघड्या कपाळाला हात लावून माफी मागितली. पाटलांनी डोहात बसलेल्या म्हशीकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, आणि अदबीनं एवढंच विचारलं, "सरकार, रोज धरनार हाय का?"

घरी बायकोनं माझ्या गुडघ्यांवर हळद दाबली. मी विव्हळत होतो.

"मोडली का?" तिनं विचारलं.

"हाड न्हाई मोडलं. साल गेलंय नुसतं."

"काठीचं इचारून राह्यले."

"न्हाई मोडली."

"मंग बराबर," ती म्हणाली, आणि संध्याकाळी पाण्याला गेली ती नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा परतली. तेवढ्यात अख्ख्या गावातल्या बायकांना आगवळीची काठी म्हशीला पुरून उरल्याचं कळलं होतं.

साहेबांनी आठवडाभर बसून काठीचे, चकरीचे, खुंटीचे आणि दोरीच्या चेंडूचे नकाशे काढले आणि विलायतेतल्या एका कंपनीला पाठवले. त्यात प्रत्येक कल्पना कुणाची ते लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. बायकोचं नाव त्यांनी मला विचारलं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, मी खाली बघत राहिलो. तिला विचारलं तर ती आत पळाली. शेवटी साहेबांनी इंग्रजीत लिहिलं, मिस्त्रीच्या घरातून. उत्तर पावसाळ्यात आलं. साहेबांनी ते मला वाचून, समजावून सांगितलं. कंपनीनं फार गोड भाषेत लिहिलं होतं की आमच्या देशात जमिनीला भेगा पडत नाहीत, आणि खेळाच्या मैदानात म्हशीही नसतात. साहेबांनी म्हशीची हकीकत खरी खरी लिहिली होती. शेवटी मात्र एक ओळ होती: ते लाल काय लावलं आहे, ते कळवावं.

साहेबांनी दोन पानं भरून लाखेबद्दल कळवलं. पुढं काही आलं नाही.

दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली. पाणी मोजून झालं होतं म्हणे. जाताना त्यांनी काठी बरोबर घेतली, मी त्यांना आणखी एक चकरी करून दिली. बैलगाड्या जालन्याच्या सडकेला लागल्या तेव्हा भोई आणि मी वेशीपर्यंत गेलो. नंतर कित्येक दिवस काम करताना फाटकाकडं लक्ष जायचं. भोई म्हणायचा की हसायला कुणी नसलं की डोहावर बसणं म्हणजे नुसती मजुरी. माझं एक बरं झालं. म्हशीची गोष्ट ऐकून लोक मोडक्या मुठी घेऊन यायला लागले. कुदळीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, चाबकाची काठी, सगळ्यांना दोरा आणि लाल लाख पाहिजे. आसपासच्या गावांत त्याला साहेबी मूठ म्हणायचे. बायकोला ते नाव कधी आवडलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीनंतर साहेबांचं काय झालं ते मला कळलं नाही. मी जालन्याला दोन-चार जणांकडं विचारपूस केली होती. पण राज्य जाण्याआधी त्यांची पत्रं यायची. उर्दूत असायची, शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ते तेलंगणातल्या जंगलात सडक आखत आहेत. दिवसभर उभं राहावं लागतं, खाली बसावं तर मुंग्या. टेकायची काठी, पण वेळेला तिच्यावर बसता आलं पाहिजे. मिस्त्री, विचार कर.

मी विचार केला. काठीच्या डोक्यावर पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दोन फळ्या बसवल्या, मिटल्या की मूठ, उघडल्या की बैठक. जालन्याहून रेल्वेनं पाठवून दिली. महिन्यानं उत्तर आलं. मास्तर वाचता वाचता थांबले, हसू आवरलं आणि पुढं वाचू लागले. बैठक उत्तम आहे. मी बसलो. बैठक मोडली नाही, पण काठी चिखलात घुसली आणि तिच्यासोबत मीही गेलो. चार माणसांनी काढलं.

बायको सुपात ज्वारी पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "खाली चकती लावा की."

"केवढी?"

तिनं सूप थांबवलं. "मास्तरला म्हनावं, आधी लिवून इचारा. सायब तिकडं जाऊन जाड झाले का वाळले?"

मास्तरांनी दौत पुढं ओढली आणि मी आत जाऊन सागाची फळी शोधायला लागलो.